विसरलेला परवलीचा शब्द

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातही विद्यार्थ्यांचे अर्ज, दाखले व हिशेब आता लॅपटॉपमध्ये साठविले जातात. परवलीचा शब्द विसरल्यास हे सारे काम अडून पडते. अशा वेळी नेमके कोणते कुलूप लागले आहे, हे प्रथम ओळखणे अगत्याचे असते.

विंडोज सुरू होण्यापूर्वीच शब्द विचारला गेला, तर ते यंत्राचे स्वतःचे कुलूप होय. जुन्या संगणकांत नाण्याएवढी बॅटरी काढून ठेवली की ते बहुधा निघत असे. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र हा शब्द विजेविनाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. त्यासाठी खरेदीची पावती घेऊन उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात जाणेच इष्ट.

विंडोज सुरू झाल्यावर शब्द विचारला गेल्यास, मायक्रोसॉफ्ट खात्याचा शब्द मोबाईलवरून बदलता येतो. परंतु साठवण बिटलॉकरने कुलूपबंद असून त्याची ४८ अंकी किल्ली मागितली गेली व ती हरवलेली असली, तर आतील माहिती परत मिळत नाही.

म्हणून पावती व ही किल्ली घरी जपून ठेवावी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत लॅपटॉपबाहेर असू द्यावी.