अबोल गडी पाहिजे

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. चौदा वर्षे आमच्या घरचा केर-लादी करणाऱ्या मावशी एके सकाळी काम आटोपल्यावर लगेच निघाल्या नाहीत. दाराशी घुटमळत राहिल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलीय. गुडघे झिजलेत म्हणे. लादी पुसणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही दुसरी कुणी बघा." हे सांगताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, बादलीकडे होती.

दुसरी कुणी बघायची म्हणजे मावशींना नाही म्हणायचे. कन्येच्या बालवाडीपासून बारावीपर्यंतचा काळ ज्यांनी आमच्याबरोबर काढला, त्यांना नाही कसे म्हणायचे? रात्री आम्ही दोघांनी हिशेब मांडला. मावशींनी पोळ्या कराव्यात, टेबलाशी खुर्चीवर बसून भाजी चिरावी, पगार आहे तोच राहील. आणि लादीसाठी हल्ली निघालेले ते आपोआप फिरणारे, केर ओढणारे आणि फरशी पुसणारे यंत्र आणावे. इतका सरळ उपाय सुचल्याबद्दल हे स्वतःवरच खूष झाले. मीही झाले.

परंतु वाचकहो, आमच्या घरात एक चौथे माणूस आहे. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना ऐकू कमी येते म्हणून तीन वर्षांपासून त्या कानात श्रवणयंत्र घालतात. यंत्राच्या हिशेबात त्यांना धरायला आम्ही विसरलो होतो.

शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचे यंत्र दोन दिवस वापरून बघायला दिले. चपटे, गोल, पाटाएवढे ते प्रकरण मोठ्या उत्साहाने घरभर हिंडू लागले. घूंऽऽ असा त्याचा एकसुरी आवाज. मधूनच टेबलाच्या पायाला धडक. दुपारी चहाच्या वेळी मी आईंना काहीतरी विचारले, त्या नुसत्या हसल्या. संध्याकाळी कन्या म्हणाली, "आज आजी दिवसभर बोललीच नाही गं." पाहते तो श्रवणयंत्र डबीत! दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेर असताना गॅसचा सिलिंडरवाला दोनदा घंटी वाजवून परत गेला. आई घरातच होत्या.

रात्री मी त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "अगं, ते फिरायला लागलं की तुमचं सगळ्यांचं बोलणं त्यात बुडून जातं. नुसता घोंगाट कानात येतो. मग काढून ठेवते. शांत वाटतं."

'शांत वाटतं' हे दोन शब्द मला फार लागले. घर स्वच्छ करण्याच्या नादात घरातले एक माणूस आपण घरातून वजा करतो आहोत, हे त्या दोन शब्दांत होते. श्रवणयंत्र बोलणे मोठे करते, तसे सभोवतालचे आवाजही मोठे करते. आजची यंत्रे गोंगाट थोडा गाळतात. पण सगळा नाही. तेव्हा ठरवले, यंत्र आणायचे ते आईंच्या कानाने पारखून.

केर ओढणारी यंत्रे मुळातच बडबडी. १९०१ साली इंग्लंडात ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियराने बनवलेले यंत्र घोड्यांच्या गाडीवरून आणावे लागे. ते रस्त्यावर उभे राही, त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात, आणि त्याच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजतात अशा तक्रारी होत. पुढे यंत्र लहान झाले, विजेवर चालू लागले, आणि २००१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने, २००२ मध्ये अमेरिकेच्या आयरोबोटने ते आपले आपण फिरणारेही केले. घोड्यांची तक्रार मिटली. माणसांची पुरती मिटली नाही.

याचे कारण समजून घेतले की निवड सोपी होते. यंत्राच्या पोटात एक पंखा असतो. तो अतिशय वेगाने फिरून हवा खेचतो आणि हवेबरोबर केर. आवाज मुख्यतः त्या पंख्याचा आणि धावणाऱ्या हवेचा. जितकी ओढ जास्त, तितका आवाज जास्त. दुकानात ही ओढ 'पास्कल' या मापात सांगतात, आणि दहा हजार, वीस हजार असे आकडे ऐकून आपण दिपून जातो. पण ही जबर ओढ लागते ती जाड गालिच्याच्या मुळाशी बसलेली धूळ उपसायला. आपल्या घरांत गालिचे कुठे असतात? आपली लादी उघडी. तिच्यावरचा केर, केस, चुरमुरे उचलायला यंत्राची खालची पातळीसुद्धा पुरते. आपल्याला नको असलेल्या ताकदीचे पैसे मोजू नयेत आणि तिचा गोंगाटही सोसू नये, हा मला कळलेला पहिला धडा.

दुसरा धडा डेसिबलचा. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. ही यंत्रे शांत पातळीवर ५५ ते ६० च्या आसपास आणि पूर्ण जोरावर ६५ ते ७० पर्यंत, कधी त्याहूनही वर जातात. पाच-दहाचा तर फरक, असे वाटते ना? पण हे माप आपल्या पावशेर-अच्छेराच्या मापासारखे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. माहितीपत्रकावर छापलेला आकडा बहुधा सर्वांत शांत पातळीचा असतो. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कोणत्या पातळीचा? आणि पूर्ण जोरावर किती?

तिसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. महागड्या यंत्रांना एक ठाणे असते. केर काढून यंत्र तिथे परतते आणि ठाणे त्याच्या पोटातला केर मोठ्या पिशवीत ओढून घेते. हे काम दहा-पंधरा सेकंदांचे, पण त्या वेळचा आवाज सबंध घर दचकेल असा. शिवाय काही ठाणी ओले फडके गरम हवेने वाळवतात; ती बारीक गुणगुण दोन-चार तास चालू राहते. तेव्हा ठाणे झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लावू नये, आणि केर ओढण्याची वेळ आपण ठरवून द्यावी. तशी सोय बहुतेक यंत्रांत असते.

दुकानात यंत्राचा आवाज कळत नाही. तिथे गर्दी, गाणी आणि वातानुकूलन यांचाच गलका. आम्ही दोन विक्रेत्यांना घरी येऊन यंत्र दाखवायची विनंती केली आणि आमची स्वतःची परीक्षा योजली. आई आरामखुर्चीत, श्रवणयंत्र कानात. यंत्र त्याच खोलीत चालू. मी पाच पावलांवर बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्राचे मथळे वाचायचे आणि आईंनी ते परत म्हणून दाखवायचे.

पहिले यंत्र ताकदीचे होते. मी वाचले, "धरण भरले." आई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "कुणाचं मरण टळलं?" आम्ही हसलो, त्याही हसल्या, पण यंत्र नापास झाले. दुसरे किमतीने निम्मे, ओढीने बेताचे. शांत पातळीवर ठेवून वाचले. पाचांपैकी चार मथळे आईंनी बरोबर सांगितले. लादीवर मुद्दाम सांडलेले पोहे आणि रव्याचे कण यंत्राने दोन फेऱ्यांत उचलले. ह्यांनी मान डोलावली. आमचा गडी ठरला.

आवाजाखेरीज आणखी पाच गोष्टी पाहाव्या लागतात. उंबरठा मोजावा, बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरच चढतात. पलंगाखालची उंची मोजावी. यंत्र साधारण दहा सेंटिमीटर उंच असते. लेसर किरणांनी खोलीचा नकाशा काढणारे यंत्र अंधारातही वाट शोधते आणि धडका कमी देते. धडका कमी म्हणजे आवाजही कमी. काळी फरशी असेल तर आधी चालवून पाहावे, कारण काळ्या रंगाला खड्डा समजून काही यंत्रे तिथेच थबकतात. आणि लांब केसांच्या बायका घरात असतील, तर ब्रश सहज काढता येतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पुसण्याचे प्रकार तीन-चार आहेत. कुठे ओले फडके नुसते मागे ओढले जाते, कुठे ते थरथरते, कुठे दोन गोल फडकी गरगर फिरतात, कुठे ओला रूळ. नुसते ओढले जाणारे फडके धुळीचा थर पुसते, चहाचा वाळलेला डाग पुसत नाही. पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात डागापेक्षा ओलीची चिंता मोठी. गुळगुळीत फरशीवर पाण्याचा पातळ थरही पाय घसरायला पुरतो. म्हणून आम्ही पाणी सर्वांत कमी ठेवले आहे, आणि पुसण्याची वेळ आई दुपारी पडतात तेव्हाची. त्यांची खोली तेवढी त्या न्याहारीला बाहेर बसलेल्या असताना होते. टाकीत फिनेल ओतण्याचा मोह टाळावा. त्याने आतली रबरी अंगे बिघडू शकतात. आणि घाण पाणी रोजच्या रोज ओतून द्यावे, नाहीतर चौथ्या दिवशी सगळे घर नाक धरते.

'रोबोट' हा शब्द १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगभर गेला. त्याच्या भावाने तो सुचवला होता. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी. मराठीत त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वेठ. मराठी शिकवणारी असल्यामुळे असेल, हा अर्थ माझ्या मनात घोळत राहिला. मावशींची गुडघेदुखी ही चौदा वर्षांच्या उकिडव्या बसण्याची आहे, आणि ती लादी आमची होती. यंत्राने ती वेठ आपल्या अंगावर घेतली, याचे श्रेय घेण्यासारखे आम्ही काही केलेले नाही. उशीरच केला आहे.

मावशींना पहिले दोन आठवडे त्या यंत्राचा राग होता. पोळ्या लाटता लाटता त्या त्याच्यावर डोळा ठेवीत. "ताई, कोपरा सोडला बघा त्यानं," हे त्या विजयी मुद्रेने सांगत, आणि ते खरेही असे. गोल अंगाचे यंत्र चौकोनी कोपऱ्यात कसे शिरणार? त्या कोपऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा उभ्याने, लांब दांड्याचा झाडू अजून फिरतो.

गेल्या धनत्रयोदशीच्या दुपारी मावशी नेहमीप्रमाणे नवी केरसुणी घेऊन आल्या. आईंनी तिला हळद-कुंकू वाहिले. शेजारच्या खोलीत यंत्र फिरत होते. कन्येने दारातूनच, काही आवाज न चढवता विचारले, "आजी, त्यालाही लावायचं का कुंकू?"

आईंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला नाही. केरसुणी भिंतीशी नीट टेकवत त्या म्हणाल्या, "त्याला कशाला? त्याला वीज दिली की पुरे. कोपऱ्यात कोण जातं, ते बघ आधी."

ओट्याशी उभ्या मावशी एवढ्या मोठ्याने हसल्या, की यंत्राचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.