तणसाचा ढीग आणि न्यूटनचा नियम

चिमूरला मी शाळेत विज्ञान शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दिवस धान चुरण्याचे होते. गावाबाहेर खळ्याखळ्यांवर तणसाचे ढीग लागले होते आणि वर्गात माझा 'संवेग' चालला होता. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. बल गुणिले वेळ म्हणजे आवेग. जितका आवेग, तितकाच संवेगात बदल. तीन वाक्ये मी फळ्यावर लिहिली, मुलांनी ती वहीत उतरविली आणि माझ्या मते धडा संपला!

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, तनसीच्या ढिगावर उडी मारली त काईच होत नाही, कडक जमिनीवर पडलो त पाय मोडते. उंची तेच, मीबी तोच. मंग असं काऊन?"

"हे परीक्षेला येत नाही. खाली बस," मी म्हणालो. वर्ग हसला. पोरगा मुकाट्याने बसला.

वाचकहो, त्या पोराने सबंध धडा एका प्रश्नात आणून ठेवला होता आणि मला तो कळला नव्हता! न्यूटनने 1687 साली आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात गतीचा दुसरा नियम सांगितला तो संवेगाच्याच भाषेत. संवेग नाहीसा करायचा तर बल लावावे लागते. मात्र ते थोडे लावायचे की फार, हे हाताशी वेळ किती आहे यावर ठरते. तणस दबत जाते, पडणारा हळूहळू थांबतो. वेळ वाढला, म्हणून बल घटले. जमीन दबत नाही; ती सगळा हिशेब एका क्षणात चुकता करून घेते. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे नेतो, तेही याचसाठी.

यानंतर बरीच वर्षे गेली. एका संध्याकाळी माझा मुलगा मोटरसायकलवरून वरोऱ्याच्या रस्त्याने घरी येत होता. आमचा मुलूख जंगलाचा. ताडोबाचे रान काही फार दूर नाही. एकाएकी रानडुक्कर आडवे आले. गाडी आदळली आणि मुलगा डोक्यावर पडला.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. खांद्याचे हाड मोडले होते, पण डोक्याला खरचटलेदेखील नव्हते. त्याला उचलून आणणारा गृहस्थ बाकावर बसला होता. मांडीवर मुलाचे हेल्मेट. मला पाहून तो उठला. मी ओळखले नाही, पण त्याने मला ओळखले. हेल्मेटच्या आतला दबून चेपलेला थर्मोकोलसारखा थर बोटाने दाखवीत तो म्हणाला, "सर, हे पाहा. तनसच आहे ना?"

माझा मागच्या बाकावरचा विद्यार्थी! त्या क्षणी मला जी शरम वाटली ती शब्दांत सांगता येणार नाही.

रात्री मुलाच्या उशाशी बसून मी हिशेब मांडला. भरलेली बंडी 1,000 किलोची धरली आणि बैल सेकंदाला 1 मीटर चालले, तर तिचा संवेग 1,000. मोटरसायकल स्वारासह 200 किलोची, पण वेग ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. संवेग 3,000, भरल्या बंडीच्या तिप्पट! आता डोक्याचे पाहू. डोके सुमारे 5 किलोचे. पावणेदोन मीटरवरून पडले तर जमिनीशी पोहोचताना वेग सेकंदाला जवळजवळ 6 मीटर; संवेग 30. उघडे डोके सेकंदाच्या 2 हजारांश भागात थांबले, तर त्यावरचे बल 15,000 न्यूटन, म्हणजे सुमारे दीड हजार किलो वजनाइतके. तेच हेल्मेटमधला थर 3 सेंटिमीटर दबला, तर वेळ 10 हजारांश सेकंद आणि बल 3,000 न्यूटन. पाचपट कमी! माणूस वाचतो तो एवढ्याशा वेळात.

हीच युक्ती चंद्रावरही उपयोगी पडली. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चे 'विक्रम' उतरले. त्याच्या पायांत मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचे ॲल्युमिनियम बसविलेले होते. धक्का बसताच ते चेपावे आणि यान सुखरूप राहावे, ही योजना.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मी त कवाच विसरलो होतो." मी मात्र विसरणार नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे मोटरसायकलवर निघालात, तर हेल्मेट हँडलला अडकवू नका. डोक्यावर घाला आणि पट्टा आवळा. एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदला, कारण दबलेला थर पुन्हा दबत नाही. आणि घरात कोणी पोर विचित्र प्रश्न विचारू लागले, तर कृपा करून त्याला खाली बसवू नका!