चिंकाऱ्याच्या मागावर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून चौफुल्याला वळले की पुढे सुपे गाव लागते. बारामती तालुक्यातील या गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचा गवताळ माळ. पण तेच चिंकाऱ्यांचे घर. पहिल्यांदा येणाऱ्याला पुष्कळदा गवत आणि काटेरी झुडपांशिवाय काहीच दिसत नाही. चिंकाऱ्याने मात्र त्याला केव्हाच पाहिलेले असते!

चिंकाऱ्याला आपण हरीण म्हणतो. पण शास्त्रज्ञ त्याची गणना कुरंगांत करतात. सांबर-चितळांच्या नरांची फांद्यांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. चिंकाऱ्याची शिंगे बिनफांद्यांची आणि कायमची असतात. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे ६५ सेंटिमीटर, आणि रंग मातीत मिसळून जाणारा. मग हा प्राणी शोधायचा कसा?

जुने शिकारी आधी जमिनीकडे पाहत. चिंकाऱ्याच्या खुराचा ठसा म्हणजे दोन अरुंद, टोकदार पाकळ्या. माळावर चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांचा ठसा त्याहून बोथट. ठशाच्या कडा रेखीव असतील तर तो ताजा. कडा ढासळून गोलसर झाल्या असतील तर जुना. पाकळ्या फाकून टोके खोल रुतली असतील, तर प्राणी धावत गेला असे समजावे. चिंकारे ठरावीक जागी लेंड्या टाकतात. त्या ढिगातील वरच्या लेंड्या काळ्या, ओलसर दिसल्या, तर चिंकारा नुकताच येऊन गेला आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. माणसाचा वास लांबूनच पोहोचतो, म्हणून वारा नेहमी आपल्या तोंडावर घेऊन पुढे जायचे. चिमूटभर धूळ सोडली की वाऱ्याची दिशा कळते. डोंगरात तर ही दिशा दिवसातून दोनदा बदलते. उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते. संध्याकाळी गार झालेली जड हवा खाली उतरते. म्हणूनच अमेरिकेच्या डोंगराळ भागात एल्क या मोठ्या हरणाचे शिकारी वेळ पाहून वाट निवडतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. हरणांचे आणि कुरंगांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना मागचेही बरेच दिसते. हालचाल झाली की ती सावध होतात. मात्र हरणांना नारिंगी रंग हिरव्यापासून नीट ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेतील शिकारी बिनधास्त भडक नारिंगी कपडे घालतात. ते एकमेकांना दिसतात, हरणाला नाही!

लांडगेही डावपेच लढवतात. काही दबा धरून बसतात आणि बाकीचे भक्ष्याला तिकडे हाकतात. अशा वेळी चिंकारा वेगाने पळतो आणि थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहतो. शत्रू पाठलाग करतो आहे की नाही, हे कळल्यावर उगाच शक्ती खर्च होत नाही. लांडग्यापुढे ही सवय उपयोगी पडते. पण बंदुकीची गोळी धावण्याची शर्यत लावत नाही. वळून पाहणारा चिंकारा शिकाऱ्यासमोर स्थिर उभा राही, आणि तीच त्याची अखेर ठरे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाऱ्याच्या शिकारीवर बंदी घातली. माग काढण्याची विद्या मात्र वाया गेली नाही. ठसे, लेंड्या, वारा यांच्याच आधाराने आज अभ्यासक प्राण्यांचा शोध घेतात. तुम्हीही शाळेजवळच्या ओल्या मातीत शेळीचा ताजा आणि जुना ठसा ओळखून पाहा. मग सुप्याच्या माळावर, वारा तोंडावर घेऊन, दुर्बिणीतून चिंकारा मागे वळून पाहताना दिसेल. आता त्याने खुशाल थांबून पाहावे!