शहराचा कचरा: मोजमापाबद्दलचे गैरसमज

दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचे, क्षमता रोज ३०० टनांची. तो चाचणीतच, सुमारे तीन आठवड्यांत बंद पडला. किलोमागे १,४६० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता देणारा कचरा येईल असे धरून भट्टी आखली होती. आलेला कचरा देत होता ६०० ते ७००. कचऱ्याचे गुणधर्म नीट न मोजण्याची ही किंमत होती, आणि ती लोकांच्या पैशातून गेली.

गैरसमज: डेपोच्या काट्यावरचे वजन म्हणजे शहराचा कचरा

काट्याला फक्त फाटकापर्यंत पोचलेला कचरा दिसतो. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड त्याआधीच भंगारवाल्याकडे गेलेले असते. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक दारोदार कचरा गोळा करतात आणि विकण्याजोगा माल तिथेच वेगळा काढतात. त्यांच्या श्रमाने वाचलेले वजन या काट्यावर कधीच उमटत नाही. नाल्यात फेकलेला, कोपऱ्यावर जाळलेला कचराही नाही. उलट बाजूने राडारोडा मिसळला, पावसाचे पाणी मुरले, की आकडा फुगतो. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर तो फुगवण्याचा मोहही होतो.

खरा आकडा हवा तर वेगवेगळ्या उत्पन्नगटांतील घरे निवडावी लागतात आणि त्यांचा कचरा सलग आठवडाभर उगमापाशीच तोलावा लागतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात जगाची सरासरी माणशी रोज ०.७४ किलो आहे. तिला आपल्या गावाच्या लोकसंख्येने गुणून अहवाल तयार करता येतो, पण त्याला मोजमाप म्हणता येणार नाही.

गैरसमज: कचऱ्यात बहुतेक प्लास्टिकच असते

डोळ्यांना तसे दिसते खरे, कारण प्लास्टिक हलके असते आणि जागा फार व्यापते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या मदतीने २००४-०५ मध्ये ५९ शहरांचा कचरा तपासला. त्यातल्या बऱ्याच शहरांत वजनाने ४० ते ६० टक्के भाग कुजणारा निघाला. याचा अर्थ प्लास्टिक किरकोळ आहे असा नाही. गटार तुंबते ते आकारमानाने. म्हणूनच टक्केवारी वजनाची की आकारमानाची, हे आधी पाहावे.

अंदाज किती चुकतात याचा ठोस पुरावा अमेरिकेतला आहे. अॅरिझोना विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजी यांनी १९७३ साली कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे चक्क कचराभूमी खणल्या. लोक डायपर, फोमचे डबे आणि फास्ट फूडच्या वेष्टनांना दोष देत होते. त्या सगळ्यांनी मिळून जेमतेम तीन टक्के जागा व्यापलेली होती. कागदाचा वाटा कितीतरी मोठा होता, आणि कित्येक वर्षांपूर्वी पुरलेली वर्तमानपत्रे वाचताही येत होती. घरोघर विचारल्यावर लोक दारूही कमीच सांगत, बाटल्या मात्र खरे सांगत. तेव्हा प्रश्नावलीवर विसंबू नये, कचरा उघडून पाहावा.

गैरसमज: एखादी गाडी तपासली की पुरे

मंडईतली गाडी आणि बंगल्यांच्या वस्तीतली गाडी यांत साम्य थोडे. रविवारचा कचरा वेगळा, पावसाळ्यातला वेगळा, दिवाळीतला तर फारच वेगळा. रीत अशी, की गाडी रिकामी करून ढीग नीट कालवायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि साधारण शंभर किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. मग हाताने निवडून प्रत्येक प्रकार तोलायचा. हे अनेक गाड्यांवर, किमान आठवडाभर, वेगवेगळ्या ऋतूंत.

गैरसमज: उष्मांक म्हणजे उष्मांक

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. प्रयोगशाळेत नमुना १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवून मग त्याचा उष्मांक, म्हणजे जाळल्यावर किलोमागे मिळणारी उष्णता, काढतात. समजा, कोरड्या नमुन्याचा उष्मांक २,००० किलोकॅलरी आला आणि मूळ कचऱ्यात ५५ टक्के पाणी होते. एक किलो कचऱ्यात कोरडा भाग ४५० ग्रॅम, म्हणजे ९०० किलोकॅलरी. उरलेल्या ५५० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ३२० खर्च. हाती राहतात ५८०. अहवालात मात्र २,००० छापले जातात! २०१६ च्या घनकचरा नियमांत १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा भरावभूमीत न टाकता ऊर्जेसाठी वापरावा असे म्हटले होते. घरातच ओले-सुके वेगळे केले तरच सुका कचरा त्या पातळीला जाऊ शकतो.

तुमच्या नगरपालिकेत कचऱ्यापासून विजेचा प्रस्ताव आला, तर सभेत चार गोष्टी जरूर विचारा: नमुने कुठून घेतले, कोणत्या महिन्यांत, किती गाड्यांचे, आणि उष्मांक ओल्या कचऱ्याचा आहे की वाळवलेल्या? उत्तरे मिळेपर्यंत मंजुरी देऊ नका, असे आपल्या नगरसेवकाला लेखी कळवा.