सरकारी कागद संकेतस्थळावर आला, पण तो उद्या सापडेल का?

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याआधी दोन सरकारी कागद तयार झाले होते. एक, सी. के. बोले यांनी मांडलेला आणि मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केलेला ठराव. दुसरा, तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव. अंमलबजावणी झाली नव्हती, पण हक्क कागदावर लिहिलेला होता. त्याच आधारावर बाबासाहेबांनी लढा उभारला.

आज असे कागद शासनाच्या संकेतस्थळांवर असतात. ते तिथून नाहीसे झाले, तर हक्क कशाच्या जोरावर मागायचा?

बोईसर-तारापूरला याची गरज का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिले होते. या कारखान्यांत राबणारे आणि आजूबाजूला राहणारे बहुतेक लोक कष्टकरी आहेत. कोणत्या कारखान्याला किती सांडपाणी सोडण्याची परवानगी आहे, हे त्यांना कळले पाहिजे. जल प्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २५ नुसार संमतीच्या अटींची नोंदवही राज्य मंडळाने ठेवायची असते आणि सांडपाण्याविषयीच्या नोंदी संबंधित व्यक्तीला पाहता येतात.

मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना आहे. तिच्यानुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. जनसुनावणीचे इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचे असते आणि मंडळाच्या संकेतस्थळावरही टाकायचे असते. वाढवण बंदराची जनसुनावणी पालघरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी झाली. अशा सुनावणीत कोण काय बोलले, हे पुढच्या पिढीलाही वाचता आले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ म्हणते की कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, ती दरवर्षी अद्ययावत करावी आणि स्थानिक भाषेचा विचार करावा. अभिलेखांची सूची ठेवणेही बंधनकारक आहे.

अडचण कुठे येते?

संकेतस्थळ नवे झाले की जुने दुवे बंद पडतात. कागद वाकडा स्कॅन करून टाकला की त्यातला शब्द शोधता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूरही शोधात सापडत नाही. दृष्टिहीन व्यक्तीचे वाचन सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या चित्रापुढे अडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ मात्र माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकते.

शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या जिल्हा पातळीवरच्या कागदासाठी ठाण्यातही चौकशी करावी लागते.

आपण काय करू शकतो?

- रमाई आवास असो वा शिष्यवृत्ती, शासन निर्णयाच्या शेवटी संगणक सांकेतांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना व दिवसाने होते. तो लिहून ठेवा. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पुरावा म्हणून पुरत नाही.
- महत्त्वाचा कागद दिसताच उतरवून घ्या. फाइलच्या नावात विभाग, विषय आणि तारीख लिहा.
- पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जतन करा. जुना दुवा बंद असेल तर तिथेच शोधून पाहा.
- कागद काढून टाकला असेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर कलम ६(३) प्रमाणे तो योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम आहे.
- उत्तर आले नाही तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा.

प्रत्येक विहारात, वाचनालयात अशा कागदांची एक फाइल आणि एक पेनड्राइव्ह ठेवता येईल. संगणक येणाऱ्या दोन तरुणांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी हे काम उभे राहील. पुढच्या वेळी कार्यालयात "असा आदेशच नाही" असे उत्तर मिळाले, तर आदेशाची प्रत आपल्या हातात असेल.