विश्लेषण : रॉक गाण्याची सुरुवात गिटारवर वाजवताना अडते कुठे?

रॉक म्हटले की इलेक्ट्रिक गिटार आणि दणदणीत ड्रम आठवतात. पण या संगीतातील अनेक गाजलेल्या गाण्यांची सुरुवात अकूस्टिक गिटारवर, एकेक तार बोटाने छेडून होते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात गिटारचा नियमित शिक्षक हाताशी असेलच असे नाही. मग मोबाइलवरचे धडे हाच आधार उरतो. कॉर्ड जमतात, सुरुवात मात्र अडखळते. ‘आपल्या हातात कला नाही’ असे समजून गिटार कपाटावर जाते. प्रत्यक्षात अडचण बहुतेकदा उजव्या हाताच्या अंगठ्याची असते आणि ती सरावाने सुटते.

बोटांनी वाजवणे म्हणजे काय?

प्लेक्ट्रमने सगळ्या तारा एकदम झंकारण्याऐवजी प्रत्येक तार वेगळी छेडणे म्हणजे फिंगरपिकिंग. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी कामाची वाटणी ठरलेली असते. सहावी, पाचवी आणि चौथी या जाड तारा अंगठ्याकडे; तिसरी तर्जनीकडे, दुसरी मधल्या बोटाकडे आणि पहिली अनामिकेकडे. गाण्यानुसार यात बदल होतो, पण नवशिक्याने सुरुवातीला ही वाटणी मोडू नये. तार आठवण्याचा ताण त्यामुळे कमी होतो.

अंगठा इतका महत्त्वाचा का?

तुळजापूरच्या गोंधळात संबळाचा ठेका चालू असतो, तुणतुणे एकच सूर देत राहते आणि त्यावर गोंधळी गातो. फिंगरपिकिंगमध्ये या तिन्ही कामांचा भार एकाच हातावर येतो. अंगठा खालचा सूर आणि ठेका सांभाळतो, बाकीची बोटे चाल वाजवतात. नवशिक्याचे लक्ष चालीकडे जाते, अंगठा बोटांच्या मागे धावू लागतो आणि लय तुटते. म्हणून पहिले काही दिवस फक्त अंगठ्याने, मेट्रोनोमवर, सारख्या अंतराने तार छेडावी. ते कंटाळवाणे वाटते. पण अंगठा आपोआप चालू लागला की बोटांना मोकळीक मिळते.

आधी कोणते गाणे घ्यावे?

मेटॅलिकाचे १९९१ मधील ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सुरुवातीला सोयीचे. त्याचे पहिले सूर मोकळ्या तारांवर आहेत. सहावी, तिसरी, दुसरी, पहिली आणि परत दुसरी, तिसरी. डाव्या हाताला तिथे कामच नाही. गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड यांना ही चाल एका हातात फोन असताना सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यानंतर कॅन्सस या बँडचे १९७७ मधील ‘डस्ट इन द विंड’ घ्यावे. यात अंगठा दोन जाड तारांवर आलटून-पालटून चालतो आणि बोटे मधल्या जागा भरतात. केरी लिव्हग्रेन यांनी ही चाल मुळात बोटांचा सराव म्हणून बसवली होती.

‘स्टेअरवे टु हेवन’ कठीण का?

लेड झेपेलिनच्या १९७१ मधील या आठ मिनिटांच्या गाण्याची सुरुवात जिमी पेज यांनी वाजवली आहे. चौथ्या तारेवरचा सूर सातव्या पट्टीपासून एकेक पट्टी खाली उतरतो, तर पहिल्या तारेवरचा सूर आधी वर चढत जातो. हे दोन सूर काही ठिकाणी अंगठा आणि बोटाने एकदम छेडावे लागतात. शिवाय डाव्या हाताची बोटे बरीच ताणली जातात. म्हणून आधी डाव्या हाताच्या जागा नुसत्या बसवाव्यात, मग दोन्ही हात जोडावेत.

ही सुरावट ‘स्पिरिट’ बँडच्या १९६८ मधील ‘टॉरस’वरून उचलल्याचा दावा अमेरिकेत झाला होता. २०१६ मध्ये ज्युरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. उतरते अर्धसूर आणि कॉर्डचे सूर सुटे वाजवणे हे संगीतातील सामाईक साहित्य आहे, हा त्या खटल्यातील कळीचा मुद्दा होता.

शिक्षक नसेल तर सराव कसा?

टॅबमध्ये सहा रेघा असतात. सर्वात वरची रेघ म्हणजे सर्वात बारीक तार. इथेच अनेकांची गल्लत होते. एका वेळी दोनच मात्रांचा तुकडा घ्यावा. मेट्रोनोम मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवावा आणि सलग पाच वेळा न चुकता वाजल्यावरच वेग थोडा वाढवावा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचे वादन रेकॉर्ड करून ऐकावे. वाजवताना निसटलेली चूक ऐकताना लगेच सापडते. डाव्या बोटांची टोके सुरुवातीला दुखतात, ते स्वाभाविक आहे. मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखू लागला, तर मात्र थांबावे आणि बसण्याची पद्धत तपासावी. तारा पट्ट्यांपासून फार उंच असतील तर दुरुस्ती करणाऱ्याकडून त्या खाली करून घ्याव्यात. नायलॉन तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा लावू नयेत. त्यांचा ताण ती गिटार सोसू शकत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाचा गिटारशी काय संबंध?

गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, पट्ट्यांची टोके बाहेर येऊन हाताला टोचतात. भरीव लाकडाच्या गिटारला तडाही जाऊ शकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत डिंक सैल होण्याची भीती असते. कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास उलट लाकूड फुगते. वाजवून झाल्यावर गिटार बंद केसमध्ये ठेवावी. उन्हाळ्यात छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून ती डबी केसमध्ये ठेवावी आणि स्पंज वाळला की पुन्हा ओला करावा.