हृदय : पंपही आणि ग्रंथीही



हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, असे आपण लहान वर्गांपासून शिकत आलो आहोत. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हृदयाला संदेश मिळतात, तसेच ते स्वतःही संदेश पाठवते. यातील पुष्कळसे संदेश पेप्टाइड संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) असतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी.

आधी आकुंचन समजून घेऊ. प्रत्येक ठोक्याला हृदयस्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळे होते, अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पेशी आखडते. कॅल्शियम परत साठ्यात गेले की ती सैल पडते. पेप्टाइड संप्रेरक पेशीबाहेरील ग्राहकाला चिकटतात आणि तेथूनच आतील कॅल्शियमचा हा व्यवहार कमी-जास्त करतात.

स्वादुपिंडातील ग्लुकॅगॉन रक्तातील साखर वाढवते हे आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या मात्रेत ते हृदयाच्या आकुंचनाचा जोरही वाढवते. म्हणून बीटा-ब्लॉकर औषध प्रमाणाबाहेर घेतले गेले, तर डॉक्टर ग्लुकॅगॉन वापरतात. १९८८ साली जपानमध्ये सापडलेले एंडोथेलिन हे २१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडही आकुंचनाला जोर देते. परंतु ते रक्तवाहिन्या आवळते, म्हणून हृदयाचे कष्टही वाढतात. अँजिओटेन्सिन-२ चे तसेच आहे. त्याचा मारा वर्षानुवर्षे चालला तर हृदयाची भिंत जाड होते आणि शेवटी हृदय थकते.

यावर हृदयाकडे स्वतःचा उपाय आहे. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो दे बोल्ड व सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी झपाट्याने बाहेर पडू लागले. त्या अर्कातील पेप्टाइड आज ए.एन.पी. म्हणून ओळखले जाते. रक्त जास्त साचून कप्पा ताणला गेला की हृदय ते सोडते. मूत्रपिंड मीठ-पाणी बाहेर टाकते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. त्याचेच भावंड असलेले बी.एन.पी. १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडले. माणसात मात्र ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, निलयांत, तयार होते.

दम लागण्याचे कारण हृदय आहे की आणखी काही, हे ठरवण्यास बी.एन.पी.ची रक्ततपासणी आज मदत करते. ही पेप्टाइडे लवकर नष्ट होऊ न देणारे सॅक्युबिट्रिल हे औषध २०१५ पासून व्हॅल्सार्टनच्या जोडीने वापरात आहे.

घरातील आजी-आजोबांना चालताना दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आणि डॉक्टरांनी पापड-लोणचे कमी करायला सांगितले, तर त्यामागचे कारण त्यांना समजावून सांगा. जे मीठ बाहेर टाकण्यासाठी हृदय धडपडते आहे, तेच आपण ताटात पुन्हा वाढू नये.